चाक थंड असताना निर्दोष: एका जळक्या वासाचं प्रकरण

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डिकीत एक पिशवी होती. आधीच्या दोन गॅरेजांनी काढलेले जुने पार्ट त्यात होते: लाकडासारखं कडक झालेलं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग, पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड आणि ते पॅड डिस्कवर दाबणारा त्याच चाकाचा अख्खा कॅलिपर. मालकीणबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "एवढं बदलून झालं. वास येतोच आहे. आता तुम्ही काय बदलणार?"

प्रश्न रास्त होता. त्या घडीला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून म्हटलं, "मॅडम, आज काहीच नाही. आज फक्त विचारतो."

गाडी साधीच. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. नऊ वर्षं जुनी, ९६ हजार किलोमीटर झालेली. तक्रार चार महिन्यांपासूनची: गाडी अर्धा तास चालली की काहीतरी जळाल्याचा वास. कधी नाक चुरचुरेल इतका, कधी नुसती शंका यावी इतका. पहिल्या गॅरेजने बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरताना दिसलं, पॅकिंग बदललं. वास कमी झाला, गेला नाही. दुसऱ्याला डाव्या चाकाच्या रिमवर काळी पूड दिसली, त्यांनी पॅड आणि कॅलिपर बदलला. तीन आठवडे बरे गेले आणि वास परत आला. मी त्या दोघांना नावं ठेवणार नाही. तेल खरंच गळत होतं आणि चाक खरंच तापत होतं. दोघांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

"वास कसला येतो?" हा प्रश्न मीही विचारतो, पण त्याच्या उत्तरावर भिस्त ठेवत नाही. बाईंच्या मते वास प्लास्टिकचा होता, त्यांच्या भावाच्या मते रबराचा, आणि पहिल्या गॅरेजच्या कागदावर कुणीतरी "क्लच?" असं लिहून ठेवलं होतं. एकच वास तिघांनी तीन नावांनी सांगितला. याला एक कारणही आहे. ब्रेक पॅड आणि क्लच प्लेटचं अस्तर, दोन्हींत मसाला एकत्र धरून ठेवायला साधारण एकाच जातीचं रेझिन वापरतात. ते तापलं की दोन्हींचा वास सख्ख्या भावांसारखा. नुसत्या नाकावर विसंबून क्लच उतरवला आणि आत प्लेट धडधाकट निघाली, असं मी स्वतः एकदा करून बसलोय.

काही वास मात्र चटकन ओळखू येतात आणि तेवढे ओळखता यावेत. गोडसर, पाकासारखा वास आला तर कूलंट गळतंय. सडक्या अंड्याचा आला तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाहीतर जास्त चार्ज होणारी बॅटरी. गंधकासारखा, जड आणि तेलकट आला तर गिअर ऑइल. नाकात टोचणारा, वायरच्या आवरणाचा वास आला तर गाडी तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद, पुढचं सगळं नंतर. आणि खराखुरा प्लास्टिकचा वास आला तर आधी वाकून खाली बघावं. रस्त्यावरची पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळलेली असते, आणि त्यावर उपाय म्हणजे गार झाल्यावर खरवडून काढणं, एवढाच.

खरा प्रश्न "कधी येतो?" हा. तो मी दहा तऱ्हांनी विचारला. निघाल्याबरोबर की उशिरा? थांबल्यावर की चालताना? एसीची हवा बाहेरून घेता की आतलीच फिरवता? काच उघडी असताना? उतरल्यावर बाहेर जास्त येतो की आत? शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला आधी येतो की तुम्हाला? मोकळ्या लांब रस्त्यावर येतो का? बाई आधी वैतागल्या, मग त्यांनाच गोडी लागली. आठवून आठवून सांगू लागल्या. मी कागदावर लिहीत गेलो आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मी एका वासाबद्दल लिहितच नाहीये.

एक वास सिग्नलला थांबल्यावर एसीच्या जाळीतून आत येत होता. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलं की तो मिनिटभरात कमी व्हायचा. दुसरा वास गाडीत जवळजवळ नसायचाच. गर्दीतून अर्धा तास चालवून गाडी लावली, दार उघडून खाली उतरलं की बाहेर यायचा, डाव्या अंगाला. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर तो कधीच आला नव्हता. घरच्या लोकांनी दोन्हींना मिळून "तो वास" असं नाव दिलं होतं, म्हणून एक दुरुस्त झाला की दुसरा पहिल्याच्या नावावर जमा व्हायचा.

जाता जाता त्या आणखी दोन गोष्टी बोलल्या. ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलं होतं. आणि त्यांच्या फाटकापाशी किंचित उतार आहे. सकाळी न्यूट्रलमध्ये सोडली की गाडी आपसूक घरंगळते, संध्याकाळी परत आल्यावर त्याच उतारावर मात्र अडून बसते. हे मी लिहून घेतलं. समजून घेतलं नाही.

तोवर गाडी दोन तास उभी होती. मी ती जॅकवर घेतली, डावं चाक फिरवून पाहिलं. एका बोटाने फिरलं, छान सुळकन. पोराला म्हटलं, "ब्रेक नाही रे, दुसरं बघू." आणि उरलेला अर्धा दिवस आम्ही दुसरं बघत राहिलो. फ्यूज बॉक्स उघडला, ब्लोअरच्या रेझिस्टरचा कनेक्टर काढून वितळलाय का पाहिलं, बेल्ट आणि टेन्शनरची पुली हाताने फिरवली, सायलेन्सरच्या सगळ्या लांबीवर टॉर्च मारला. सगळं ठीक. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात तेलाची ओल तेवढी होती.

संध्याकाळी गॅरेज बंद करताना तो कागद पुन्हा वाचला. सकाळी घरंगळते, संध्याकाळी नाही. लाजच वाटली. बाईंनी निदान सांगितलेलं होतं, मी चाक मात्र "सकाळच्या" अवस्थेत तपासून त्याला निर्दोष सोडलं होतं. आधीच्या गॅरेजांतही हेच झालं असणार. गाडी येते, नंबर लागेपर्यंत उभी राहते, थंड होते, मग कुणीतरी चाक फिरवून बघतो.

दुसऱ्या दिवशी ट्रायल घेतली. स्टिअरिंगवर मी बसलो नाही, बाईंनाच बसवलं. रोज ज्या पायाने ब्रेक लागतो तोच पाय हवा होता. काही जणांना ब्रेकवर पाय टेकवून चालवायची सवय असते, तेही बघायचं होतं. त्यांना ती नव्हती. हँडब्रेकही पूर्ण खाली होता. मी शेजारी, हातात इन्फ्रारेड थर्मामीटर. हे यंत्र स्वस्तातलं असलं तरी चालतं, पण त्याचा एक खोडसाळपणा माहीत हवा. डिस्कच्या चकचकीत पट्ट्यावर नेम धरला तर ते खूप कमी आकडा दाखवतं, कारण चकाकणारा धातू उष्णता नीट बाहेर टाकत नाही. मधल्या मंद, गंजाळ भागावर किंवा कॅलिपरच्या काळसर अंगावर नेम धरायचा, आणि चारही चाकांना शक्य तितक्या सारख्या जागी.

निघताना चारही चाकं ३१ अंश. १२ मिनिटांनी पुढचं डावं ८४, उजवं ७९. काहीच वावगं नाही. इथेच ट्रायल संपवली असती तर ब्रेक दुसऱ्यांदा निर्दोष सुटला असता. २६ मिनिटांनी डावं १४८, उजवं ९२. ३४ व्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "आला बघा." मी काच खाली केली. तोच, डाव्या बाजूने. गॅरेजपासून आम्ही अर्धा किलोमीटरवर होतो. मी सांगितलं, आता ब्रेकला पाय लावू नका, गिअर उतरवत या आणि दारात गाडी आपोआप थांबू द्या. शेवटी जोरात ब्रेक मारला तर सगळीच चाकं तापतात आणि कोण आधीपासून तापलं होतं ते कळत नाही. थांबल्यावर आकडे: पुढचं डावं २७१, उजवं १०१, मागचे ड्रम ५६ आणि ५८.

पोराला आधीच सांगून ठेवलं होतं, सगळं दारात मांडून ठेव. गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना ओट लावली, जॅक चढला, खाली स्टँड गेला. हातमोजे घालून त्याने चाक धरलं.

"दादा, फिरत नाही."

"दोन्ही हातांनी बघ."

"पाय लावू का?"

पाय लावायची गरज नव्हती. काल एका बोटाने फिरणारं चाक आज दोन हातांना दाद देत नव्हतं. उजवं चाक उचलून पाहिलं, ते मोकळं.

चाक असं धरून राहिलं तर कारणं दोन जातींची. एक, काहीतरी जागेवर अडकलंय: कॅलिपरचा पिस्टन गंजलाय किंवा ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या कोरड्या पडल्यात. दुसरी, पायाचा दाब काढला तरी ब्रेक ऑइलचा दाब आतच कोंडून राहिलाय. यांतलं कुठलं, हे ओळखायला कॅलिपरवरचं ब्लीडिंगचं निपल, म्हणजे आतलं ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी, पुरतं. त्याला पारदर्शक नळी लावायची, नळीचं टोक बाटलीत, डोळ्यांवर चष्मा, आणि निपल अर्धा आटा सोडायचं. दाब कोंडलेला असेल तर ऑइल उडतं आणि चाक सुटतं. नुसता थेंब आला आणि चाक तसंच राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये.

मी निपल सोडलं. नळीत एक छोटी पिचकारी उडाली आणि लगेच थेंबांवर आली. पोराच्या हातातलं चाक अर्धा फेरा स्वतःहून गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग पिशवीतल्या त्या जुन्या कॅलिपरकडे.

बऱ्याच ठिकाणी इथे घाई होते. दाब कोंडलाय एवढं कळलं, कुठे कोंडलाय ते नाही. पेडलपासून चाकापर्यंत पायाच्या जोराने ऑइलमध्ये दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर, एबीएसचा ब्लॉक, लोखंडी पाइप आणि शेवटचा रबरी होस, कुठेही अडू शकतो. निपल या सगळ्यांच्या शेवटाला असतं, त्यामुळे ते सोडलं की दोष कुठेही असो, चाक मोकळं होणारच. बरेच जण इथून थेट मास्टर सिलिंडर बदलायला निघतात.

आधी डोक्याने काम केलं. या गाडीत ब्रेकच्या लायनी तिरप्या विभागलेल्या आहेत: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लायनीवर, उरलेली दोन दुसऱ्या. मास्टर सिलिंडर दाब सोडत नसता तर डाव्या चाकाबरोबर मागचं उजवंही धरून राहिलं असतं. ते ५८ अंशांवर होतं आणि मोकळं होतं. म्हणजे दोष लायनीला फाटा फुटून ती एकट्या पुढच्या डाव्याकडे निघाल्यानंतरचा. एबीएसच्या ब्लॉकमधला त्या चाकाचा व्हॉल्व्ह, लोखंडी पाइप किंवा होस.

मग हाताने. निपल बंद केलं, पेडल दहा-बारा वेळा जोरात दाबायला लावलं. चाक पुन्हा धरलं. दोन मिनिटं थांबलो, तरी धरलेलंच. आता निपलला हात न लावता वरचा, जिथे लोखंडी पाइप रबरी होसला जोडला जातो तो नट किंचित सैल केला. याला साधा पाना लावू नये, नट मऊ असतो, कोपरे झिजतात. नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा, एका बाजूला खाच असलेला पाना येतो तोच घ्यावा. नट सैल झाला, एक थेंब आला, चाक हललं नाही. नट आवळला, खाली निपल सोडलं: पिचकारी, आणि चाक मोकळं. दाब या दोन जागांच्या मध्ये कोंडला होता, आणि त्या दोन जागांच्या मध्ये वीतभर लांबीच्या होसशिवाय दुसरं काही नाही.

होस बाहेरून देखणा होता. चीर नाही, फुगवटा नाही, ओल नाही. तपासणीत होस बघतात तो गळतोय का एवढंच बघायला, आणि हा गळत नव्हता. त्याच्या मध्यावर एक पत्र्याची क्लिप होती, होस हलू नये म्हणून शॉकॲब्सॉर्बरला धरून ठेवणारी. क्लिपची एक कड टोकदार वस्तूने उचकटली तर आतून गंजाचे पापुद्रे निघाले, तपकिरी, एकावर एक, बिस्किटासारखे सुटणारे. लोखंड गंजलं की मूळ जागेपेक्षा जास्त जागा घेतं. बाहेरून पत्रा घट्ट दाबलेला, त्यामुळे फुगायला वाट एकच, आत, रबराच्या अंगावर. होस लांबीत कापला. दोन्ही टोकांना भोक गोल आणि मोकळं होतं, क्लिपखाली ते चिमटीत धरल्यासारखं चपटं झालेलं. शिवणाची सुई जेमतेम जाईल इतकी फट उरली होती.

मग प्रश्न उरतो, ऑइल जायला वाट आहे, तर यायला का नाही? वाट तीच, पण ढकलणारा जोर वेगळा. जोरात ब्रेक मारला की लायनीत ७०-८० बार दाब सहज तयार होतो. टायरात हवा भरतो ती सव्वादोन बारच्या आसपास, त्यावरून कल्पना यावी. एवढ्या जोरावर ऑइल सुईच्या फटीतूनही पलीकडे जातं. परतीला मात्र असा कुणी धक्का देणारा नसतो. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते, पिस्टन पुढे गेला की ती पिळली जाते आणि दाब गेला की पीळ सोडताना पिस्टनला मिलिमीटरचा काही दशांश भाग मागे घेते. परतीचा जोर म्हणजे त्या रिंगचा पीळ, बस. चिमटलेल्या वाटेतून तेवढ्या जोरावर ऑइल मागे यायला सेकंद नव्हे, मिनिटं लागतात.

मोकळ्या रस्त्यावर दोन ब्रेकच्या मध्ये मिनिटं मिळतात, म्हणून वास नाही. गर्दीत दहा सेकंदांत पुढचा ब्रेक, मागचं ऑइल परत यायच्या आत नवं आत. पॅड डिस्कला घासत राहतो, तापतो, कॅलिपरमधलं ऑइल तापून फुगतं, पॅड आणखी दाबला जातो. गाडी लावली की तासाभरात सगळं हळूहळू मागे झिरपतं आणि चाक सकाळी सुळकन फिरतं. नव्या कॅलिपरने तीन आठवडे बरे का दाखवले, याबद्दल माझा अंदाजच आहे: ब्लीडिंगमध्ये ताजं ऑइल आलं आणि नवी रिंग जुनीपेक्षा जोमाने मागे ओढत होती.

हे सगळं समजावत असताना बाई सहज म्हणाल्या, "मागच्या महिन्यात एकदा पेडल एकदम नरम लागलं होतं, खाली गेल्यासारखं. मग आपोआप नीट झालं." हे त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं, कारण मी वासाबद्दल विचारत होतो. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गंभीर वाक्य ते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की निदान १५५ एवढीच हमी उरते. डिस्क २७१ वर असताना कॅलिपरमधलं जुनं ऑइल उकळायला लागणं अशक्य नाही. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकतं. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, आणि गाडी पुन्हा साळसूद. त्यांच्या टाकीतलं ऑइल कढीव तुपासारखं नव्हे, काळपट चहासारखं दिसत होतं.

पुढची दुरुस्ती सरळ होती. पुढचे दोन्ही होस नवे, फक्त डावा नाही. दोघांचं वय एकच. होसच्या खालच्या टोकाचा पोकळ बोल्ट बसवताना दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घातले, जुने एकदा दबलेले असतात, ते पुन्हा नीट बसत नाहीत. होसला पीळ पडू दिला नाही आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून तो कुठे ताणला जातो का ते पाहिलं. सगळं जुनं ऑइल काढून चारही चाकांतून नवं डॉट ४ येईपर्यंत ब्लीडिंग केलं, टाकी मध्येच रिकामी होऊ न देता. तेवढ्यात ऑइलचा एक थेंब रंगावर पडला, तो लगेच पाण्याने धुतला. ब्रेक ऑइल रंग उखडतं.

पॅड तीन-चार आठवड्यांचेच, पण डाव्या बाजूचे काचेसारखे चकाकत होते, कडेला पांढुरके झालेले. दोन्ही बाजूंचे बदलले. डिस्कवर निळसर डाग होते. तिची जाडी कडेवर कोरलेल्या किमान मापापेक्षा १.२ मिलिमीटर जास्त भरली, डायल गेज लावल्यावर डगमग ०.०४ मिलिमीटर, भेग नाही. ठेवली. चाकाचं बेअरिंग एवढ्या उष्णतेत ग्रीस सोडू शकतं, म्हणून ते हलवून, फिरवून, कान लावून पाहिलं. ठीक होतं. नवा कॅलिपर तर निर्दोष होताच. पिशवीतला जुना उत्सुकतेपोटी पकडीत धरून हवेने पिस्टन बाहेर ढकलला, हाताने आत दाबला. लोण्यातून जावा तसा गेला.

उरला पहिला वास, सिग्नलचा. त्याला मी कमी वेळ दिला, कारण तो आपलं ठिकाण स्वतःच सांगत होता. बाहेरची हवा गाडीत जिथून घेतली जाते ती जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. गाडी पळत असताना बॉनेटखालची हवा खालून निघून जाते, थांबली की वर चढते आणि जाळीतून आत. हवा आतल्या आत फिरवली की वास कमी होतो, हे त्यामुळेच. आणि तेल कुठून येतंय तेही आदल्या दिवशी दिसलं होतं: टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, बरोबर इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पत्र्याच्या वर.

पॅकिंग नवं असून गळत का होतं? कारणं दोन निघाली. या इंजिनात टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात तिथे एक बारीक सांधा असतो, आणि पॅकिंग बसवण्याआधी त्या सांध्यावर सिलिकॉन सीलंटचा ठिपका द्यावा लागतो. तो दिलेला नव्हता. दुसरं कारण त्याच्याही मागचं. इंजिन सुरू ठेवून तेल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवलं, तर ते खालून फुंकर आल्यासारखं थडथडत होतं. क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतला, वायू ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतला खडा वाजला पाहिजे, वाजला नाही. मळीने जाम. वायूला वाट नसली की तो तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलतो, मग पॅकिंग कितीही नवं असो. व्हॉल्व्ह बदलला, कव्हर पुन्हा बसवलं, सांध्यावर ठिपका दिला, बोल्ट मधून कडेकडे आवळत गेलो.

मॅनिफोल्डवरचं जुनं तेल थंड इंजिनवर पुसून, धुऊन काढलं. हे पहिल्या गॅरेजने केलं नव्हतं. दुरुस्ती बरोबर असली तरी पत्र्याच्या खाचांत बसलेलं तेल जळून संपेपर्यंत वास येत राहतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, काम झालंच नाही. धुऊनही बाईंना सांगून ठेवलं की दोन-तीन दिवस थोडा येईल, नव्या पॅडचाही थोडा येईल, घाबरू नका. पेडल पुन्हा नरम लागलं तर मात्र पुढे चालवू नका, असतील तिथून फोन करा. आणि चाकातून धूर दिसला तर त्यावर पाणी मारू नका, लाल तापलेली डिस्क तडकते. गाडी उभी करून लांब थांबा.

त्याच संध्याकाळी त्याच रस्त्याने, त्यांच्याच पायाने, ४० मिनिटं. पुढचं डावं ९६, उजवं ९३. दारात गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर ती मागे घरंगळली आणि पोराला पळत जाऊन मागे ओट टाकावी लागली.

तीन आठवड्यांनी, ९०० किलोमीटर झाल्यावर, बोलावून पुन्हा मोजलं. फरक ४ अंशांचा. टॅपेट कव्हरचा कोपरा कोरडा. ॲव्हरेज १६.५ पर्यंत परत आलं होतं. उजव्या बाजूचा काढलेला जुना होस तोवर बाकड्याखाली पडून होता, तोही त्या दिवशी कापला. क्लिपखाली तोच तपकिरी थर. भोक अजून गोल होतं, पण क्लिपच्या आत जाईल तसं बारीक होत गेलेलं.